मुलगा शी दाबून ठेवतो, पाणी पीत नाही, दूध मात्र लिटरभर… काय करू?

अबोली_अकोला

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. विषय शीचा आहे, जेवता जेवता वाचत असाल तर नंतर वाचा :)

मुलगा सव्वातीन वर्षांचा, वजन १३ किलो. जानेवारीत ताप येऊन गेला तेव्हा खाणं सुटलं आणि मग एकदा इतकी कडक झाली की थोडं रक्त पण आलं, किंचाळला अक्षरशः. तेव्हापासून शी म्हटलं की पळतो. तीन तीन चार चार दिवस होतच नाही. आणि यायला लागली की हॉलच्या पडद्यामागे जाऊन सोफ्याचा कोपरा धरून उभा राहतो, टाचा वर, पाय एकमेकांवर आवळलेले, तोंड लालबुंद, कपाळावर घाम, आणि आपण जवळ गेलो की "तू येऊ नको" म्हणून ओरडतो. आम्ही बाहेरून जोर लाव जोर लाव करतो, पण होत काहीच नाही. मग कधीतरी रात्री झोपेत डायपरमध्ये होते आणि ती एवढी मोठी की लहान लेकराची आहे असं वाटणार नाही.

आता गेल्या आठवड्यापासून नवीनच, दिवसभर चड्डीला पातळ पातळ लागतंय. सासूबाई म्हणतात हगवण लागली, ते सिरप बंद कर. सिरप म्हणजे डॉक्टरांनी शी मऊ करायला लॅक्टुलोज दिलं होतं, त्याने आठवडाभर छान झालं, मग सगळेच म्हणायला लागले की सवय लागेल म्हणून थांबवलं, की पुन्हा जैसे थे, मग परत सुरू केलंय कधी देते कधी राहतं.

पाणी पीतच नाही हो. अकोल्यात सध्या ४३-४४ चाललंय, कूलरसमोर बसून आम्हीच तांब्या तांब्या पाणी पितोय आणि हा दोन घोट घेऊन ग्लास ढकलतो. दूध मात्र बाटलीने पाहिजेच, उठल्यावर, दुपारी झोपताना, संध्याकाळी, रात्री आणि कधी मध्यरात्री पण, दर वेळी २०० मिली धरा. जेवण म्हणजे वरणभाताचे चार घास आणि बिस्किटं. जूनपासून नर्सरी आहे आणि शाळेने सांगून टाकलंय डायपर चालणार नाही. पाणी कसं वाढवू आणि याला पॉटीवर कसं बसवू, दोन्ही सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई एवढं टेन्शन काऊन घेता. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी पाजा, दिवसभरात दोन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, रात्री चमचाभर एरंडेल. आमच्याकडची सगळी पोट्टी अशीच मोठी झाली.

चिमणघास

१३ किलोच्या लेकराला दोन लिटर?? ठेचाभाऊ तुम्ही तरी पिता का :)

अबोली, तुझं लिहिलेलं वाचलं आणि माझी लेकच डोळ्यासमोर आली, आमच्याकडे पडद्याऐवजी कपाटाचं दार होतं एवढाच फरक. आधी एक सांगते, तो कुंथत नाहीये गं, तो धरून ठेवतोय. ज्याला करायचीय ते मूल वाकतं, उकिडवं बसायला बघतं. टाचा उचलून ढुंगण आवळून ताठ उभं राहणं म्हणजे येणारी शी परत आत ढकलणं. एकदा दुखलं ना, आता त्याच्या डोक्यात शी म्हणजे दुखणं. म्हणून धरतो, जितकी आत राहते तितकं तिच्यातलं पाणी शरीर ओढून घेतं, मग अजून मोठी, अजून कडक, मग पुन्हा दुखते आणि त्याला वाटतं बघा मी म्हणत होतो ना. त्यामुळे "जोर लाव" ओरडण्यात काही अर्थ नाही, तो नेमका उलट्या दिशेने जोर लावतोय आणि फार इमानेइतबारे लावतोय.

दुसरं, ते जे पातळ लागतंय ते हगवण असेलच असं नाही. आमच्याकडे पण हेच झालं होतं आणि शेजारच्या काकू हगवणीचं औषध घेऊनच आल्या होत्या, नशीब आधी डॉक्टरांना फोन केला. खाली मोठा कडक गोळा अडकून बसलेला असतो आणि वरचं पातळ त्याच्या कडेकडेने झिरपतं, मुलाला कळत पण नाही की चड्डीत लागलंय. त्याला रागावू नका त्यावरून प्लीज, तो मुद्दाम करत नाहीये. आणि याच आठवड्यात दाखवून घे, पोट चाचपून बघायला सांग. सिरप मनाने बंद करू नकोस आणि हगवण थांबवायचं काही देऊ तर मुळीच नकोस.

आता दूध. तूच हिशोब कर, २०० च्या पाच बाटल्या म्हणजे लिटर झालं. मग त्याला तहान कुठून लागणार आणि भूक तरी कुठून लागणार, पोट तर भरलेलंच. आम्ही मध्यरात्रीची बाटली सगळ्यात आधी काढली, रडारड झाली, पण आठवड्याभरात विसरली. मग बाकीचं दूध बाटलीतून फुलपात्रात आणलं आणि नियम एकच, दूध टेबलाशी बसून प्यायचं, लोळत लोळत नाही. गंमत म्हणजे फुलपात्रातून तिला दूध एवढं आवडतच नव्हतं असं निघालं, अर्धं पिऊन उठून जायची. बाटलीचंच प्रेम होतं ते. दूध कमी झाल्यावर पाणी आपोआप मागायला लागली, पाण्यासाठी वेगळं काहीच करावं लागलं नाही जवळजवळ.

आणि पॉटीची घाई आत्ता नको. आधी मऊ होऊ दे, न दुखता होऊ दे, मग बसवणं. तोपर्यंत डायपर मागतो तर दे, फक्त पडद्यामागे नाही तर बाथरूममध्ये जाऊन कर म्हण. ते जमलं की बाथरूममध्येच पॉटीवर डायपर घालून बस. मग डायपर सैल. आमची मॅडम डायपर घालून पॉटीवर बसून गाणी म्हणायची, सासरे म्हणायचे हे काय थेर, पण चाललं.

आणि घरात शीचा विषय बंद करा. सकाळी बाबा विचारणार झाली का, मग आजी, मग पुण्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल, झाली का रे सोन्या. तुम्हाला कोणी रोज असं विचारलं तर होईल का?

माजघर

अबोली, मी वयाने तुझ्या सासूबाईंच्या बरोबरीची असेन, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आमच्या वेळी पोरांना पायावर बसवायचो. खाली बसायचं, पाय पुढे लांब करायचे, दोन्ही पावलांमध्ये थोडी फट ठेवायची आणि बाळाला त्या पावलांवर बसवायचं, त्याची पाठ आपल्या नडग्यांना टेकलेली, खाली कागद नाहीतर जुनं फडकं. तोंडाने श्श् श्श् करायचं. गुडघे पोटाशी आले की काम आपसूक व्हायचं. पुढे जरा मोठं झालं की मोरीत किंवा अंगणात उकिडवं. आता तुम्ही तीन वर्षांच्या पोराला कमोडवर बसवता, त्याचे पाय अधांतरी लोंबकळतात, खाली पडायची भीती वेगळीच, आणि मग म्हणता होत नाही. लोंबत्या पायांनी मोठ्या माणसालाही जोर करता येत नाही. पायाखाली पाट दे. साधा लाकडी पाट, दोन पाट एकावर एक ठेवावे लागले तरी चालतील, पण हलता कामा नयेत. गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत आणि कमोडला लहान मुलांची सीट लाव, म्हणजे आत घसरायची भीती नाही. आणि जेवण झालं की थोड्या वेळाने बसव, उपाशीपोटी नाही. रोज त्याच वेळेला. झाली तर झाली, नाही तर पाच-सात मिनिटांनी उठव, तासभर मोबाईल हातात देऊन बसवू नकोस.

खायला म्हणशील तर बिस्किटांचा डबा वर ठेव, दिसला की मागणार. काळ्या मनुका रात्री भिजत घाल, सकाळी कुस्करून त्याच पाण्यासकट दे, चार नाही, चांगल्या दहा-बारा. पपई, पेरू अगदी मऊ पिकलेला, बिया असू देत. उकडलेलं रताळं तुपात परतून, मुलं आवडीने खातात. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून मऊ लापशीसारखी कर. मुगाची सालीची डाळ. पालक वरणातच घाल, कळत नाही. उन्हाळा आहे तर टरबूज, काकडीच्या चकत्या, ताक, पन्हं, हे सगळं पाणीच की. पन्ह्यात गूळ बेताने.

एरंडेल मात्र नको. आम्हाला लहानपणी नाक दाबून पाजायचे, मुरडा यायचा नुसता. दुखण्याला घाबरलेल्या पोराला मुरडा आणणारं औषध देऊन काय मिळवणार? आणि कोणी साबणाची कांडी घालायला सांगेल, नाहीतर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून. पूर्वी केलं जायचं, नाही म्हणत नाही. पण साबणाने आतली कातडी सोलवटते आणि आधीच चीर पडलेली असेल तर पोर बोंबलेल. पुन्हा कोणाला जवळ येऊ देणार नाही तो.

बालरोगवाला

उशिरा आलो, ओपीडी संपायला वेळ लागला. चिमणघास आणि माजघर यांनी बरंचसं बरोबर सांगितलंय, त्यात थोडी भर.

पहिलं पाण्याबद्दल, कारण धाग्याच्या नावातच पाणी आहे. १३ किलोच्या मुलाचा साधा हिशोब असा धरतात की पहिल्या १० किलोला किलोमागे १०० मिली आणि त्यापुढच्या प्रत्येक किलोला ५० मिली, म्हणजे ११५० मिली, दिवसाला, आणि यात दूध, वरण, ताक, फळं सगळं आलं. नुसतं पाणी एवढं नव्हे. तुमचा मुलगा लिटरभर दुधातूनच ते जवळजवळ पुरं करतोय. अकोल्याच्या उन्हाळ्यात यापेक्षा जास्त लागणार हे खरं, घामाचं भरून काढायला. पण एक गैरसमज काढतो, ज्या मुलाला पाणी पुरेसं मिळतंय त्याला अजून लिटरभर जास्त पाजलं म्हणून शी मऊ होत नाही. जादा पाणी लघवीवाटे निघून जातं. पाणी कमी पडत असेल तर भरून काढा, पण बद्धकोष्ठाचं औषध म्हणून ग्लास घेऊन मागे लागू नका, त्याने पाण्याचीही चीड येते. शू कडे बघा. दर तीन-चार तासांनी होतेय आणि फिकट पिवळी आहे तर पाणी पुरतंय. गडद, वासाची आणि सहा-आठ तास झालीच नाही, ओठ कोरडे, रडताना डोळ्यात पाणी नाही, डोळे आत गेलेत, मूल मलूल पडलंय, तर ते घरी बघत बसायचं प्रकरण नाही.

दूध ४०० ते ५०० मिलीच्या वर नको या वयात. जास्त दुधाने बद्धकोष्ठ तर होतंच, शिवाय लोह कमी पडतं, रक्त कमी असलेली निम्मी गोरीगुटगुटीत मुलं माझ्याकडे बाटली हातात घेऊनच येतात. दाखवायला जाल तेव्हा हिमोग्लोबिनचं विचारा.

आता खरा मुद्दा. महिनोन् महिने धरून ठेवल्यावर गुदाशय, म्हणजे शी साठते तो आतड्याचा शेवटचा भाग, ताणून सैल होतो, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा, आणि भरलाय हे मेंदूला कळवणंच कमी होतं. ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. म्हणून उपचाराचे दोन टप्पे. आधी साठलेलं बाहेर काढणं, मग रोज मऊ ठेवणं. पहिल्यासाठी हल्ली आम्ही बहुतेक वेळा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर वापरतो, पाण्यात विरघळवून, काही दिवस मोठ्या डोसमध्ये. डोस इथे लिहिणार नाही, तो वजनावर आणि पोट तपासून ठरतो. या दिवसांत चड्ड्या आधीपेक्षा जास्त खराब होतात, तेव्हा घाबरून औषध बंद करू नका. साठलेलं न काढता वरून भाकरी-कोशिंबीर-कोंडा वाढवला तर आत गर्दी फक्त वाढते. फायबर नंतर.

मग दुसरा टप्पा, रोजचा डोस, किमान दोन महिने आणि बऱ्याच मुलांत त्याहून खूप जास्त. सगळं सुरळीत होऊन महिना गेला की मग डोस हळूहळू उतरवायचा. २०१४ च्या अमेरिका-युरोपच्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे, आपल्याकडच्या बालपोटविकार तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सूचना काढल्या त्यातही औषधावर भर आहेच. लॅक्टुलोजही चालतं, त्याने गॅस जरा होतात. दोन्ही औषधं पाणी आतड्यात धरून ठेवतात, आतड्याला चाबूक मारून पळवत नाहीत, त्यामुळे "सवय लागते" हे यांना लागू नाही. आठवड्याने बंद केल्यावर परत होतं याचं कारण सवय नाही, काम अर्धं राहिलेलं असतं. रोज सांगतो ओपीडीत, रोज.

जेवणानंतर बसवण्यामागे शास्त्र आहे. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, त्याचा फायदा घ्यायचा. नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, पाच ते दहा मिनिटं.

आणि हे असेल तर थांबू नका: जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांनंतर झाली होती, किंवा अगदी पहिल्या महिन्यापासूनच त्रास आहे, पोट फुगून टम्म, हिरवी उलटी, वजन वाढत नाही, पायात जोर नाही किंवा चाल बिघडली, शी कायम रिबिनीसारखी बारीक. अबोली यांच्या वर्णनात यातलं काही नाही, पण इथे इतरही वाचतात. आणि कोणाचं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्याला उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही, आईच्या दुधात पुरेसं असतं.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब आमचं एरंडेल तुम्ही आणि आजींनी मिळून बंद पाडलं, चालते. पण माठाच्या पाण्याला तर ना नाही ना? आमच्या घरी माठात वाळ्याची जुडी टाकून ठेवतो, लेकरं त्या वासानेच पाणी मागतात. फ्रिजचं पाणी कोणी विचारत नाही. माठ खालीच ठेवलाय त्यांच्या उंचीवर, तोटीवाला, स्वतः तोटी फिरवून घ्यायला मिळते म्हणून दिवसभर चालू असते, अर्धं फरशीवर सांडते, सांडू द्या.

आणि एक विचारायचं होतं. मेडिकलवाला उन्हाळा म्हणून ते ओआरएसचे गोड डबे देते, ऑरेंज फ्लेवर, ते रोज एक दिलं तर चालते का? पोरगं पाण्यापेक्षा ते खुशीने पिते.

बालरोगवाला

माठाला माझा पूर्ण पाठिंबा, फक्त रोज धुवा आणि पाणी गाळून-उकळून जसं घरी करता तसं करूनच भरा.

ते डबे नकोत. त्यातली बरीचशी साखरेची पेयं आहेत, खऱ्या ओआरएसपेक्षा साखर कितीतरी जास्त, जुलाबात तर ती उलट त्रास वाढवू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केलीय, जुना माल कुठे पडला असेल तर बघून घ्या. खरं ओआरएस म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट, एक लिटर पाण्यात अख्खं पाकीट, २४ तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. ग्लासात चिमूट चिमूट टाकत बसायचं नाही, प्रमाण चुकतं. आणि तेही जुलाब-उलट्या झाल्या तर. हसतंखेळतं मूल तहानलेलं असेल तर त्याला पाणी, ताक, पन्हं. रोजच्या तहानेला ओआरएस लागत नाही.

खडू_फळा

मी बालवाडीत शिकवते, सांगली जिल्ह्यात, त्यामुळे शाळेच्या बाजूने लिहिते कारण नर्सरीचा विषय निघालाय.

दर जूनमध्ये अशी पाच-सहा मुलं असतात जी घरी व्यवस्थित जातात आणि शाळेत चार तास धरून बसतात, शू सुद्धा. काही तर डबा खातात पण पाणी पीत नाहीत कारण पाणी प्यायलं की जावं लागेल एवढं त्यांना बरोबर कळतं. विचारलं तर सांगत नाहीत. मग हळूहळू कळतं, एकीला त्या संडासातला अंधार आवडत नव्हता, एकाला फरशी ओली असते म्हणून मोजे भिजतात ते नको होतं, एकाला पॅंटचं बटण निघत नव्हतं आणि बाईंना सांगायची लाज. बटण! तेवढ्यासाठी पोरगं दुपारपर्यंत पाय आवळून बसायचं.

तेव्हा अबोलीताई, इलॅस्टिकची पॅंट घ्या, युनिफॉर्मची असेल तर शिंप्याकडून इलॅस्टिक लावून घ्या. शाळेत जाऊन संडास आधी बघा आणि मुलालाही दाखवून आणा, शाळा सुरू व्हायच्या आधी, शांत असताना. कडी किती उंचीवर आहे, भारतीय पद्धतीचं आहे की कमोड, धुवायला मावशी असतात का, तुमच्या घरात शी-शू ला जे शब्द आहेत तेच बाईंना सांगून ठेवा. "विचारून जा" असा नियम असतो, लहान वर्गात आम्ही तो ठेवतच नाही पण सगळीकडे तसं नसतं, तर औषध चालू असलेल्या मुलासाठी बाईंशी आधी बोला, डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर अजून चांगलं. पाण्याची बाटली त्याला स्वतःला उघडता येते का बघा, फिरकीचं घट्ट झाकण असलं की दिवसभर बाटली भरलेली परत घरी जाते आणि आई म्हणते शाळेत पाणी देत नाहीत.

केरळात २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली होती शाळांतून, घंटा झाली की सगळ्यांनी पाणी प्यायचं, मग कर्नाटकाने घेतलं. आमच्याकडे मी माझ्यापुरती करते, खेळाआधी आणि गोष्टीआधी सगळ्यांनी बाटल्या काढायच्या. एकट्याला सांगितलं की पीत नाहीत, सगळे प्यायले की पितात. पण पाणी पाजायचं तर संडास धड हवा, हे संस्थेला पटवणं जास्त अवघड आहे. असो.

सकाळची शाळा असेल तर अजून एक अडचण, सात वाजता रिक्षा येते आणि नाश्ता रिक्षात कोंबला जातो, मग जेवणानंतर बसवायचं कधी? अर्धा तास आधी उठवावं लागेल. मुलींच्या आयांसाठी, पुढून मागे धुवायला शिकवा, आणि शी साठलेली असली की मूत्राशयावर दाब येऊन शू गळते, अंथरूण ओलं होतं, सारखी लागते. आमच्या वर्गात अशी एक होती, तिच्या शी वर इलाज केला तेव्हा शू पण थांबली.

लेस्टरकर

इकडे यूकेत हे प्रकरण सेम, फक्त पावडरचं नाव मॅक्रोगोल. इकडे नाइस म्हणून उपचारांच्या सूचना काढणारी सरकारी संस्था आहे, तिच्या २०१० च्या सूचनांत लिहिलंय की नुसत्या खाण्यापिण्यातल्या बदलांवर सुरुवात करू नका, औषध लगेच. मला आधी पटत नव्हतं, आपण कसे मनुका-अंजीर वाले. आमचं वर्षभर चाललं औषध, हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांसाठी घरी येणारी नर्स) म्हणाली नॉर्मल आहे. इकडे एरिक नावाची एक संस्था आहे फक्त मुलांच्या शी-शू साठी, ते म्हणतात दिवसातून सहा ते आठ वेळा थोडं थोडं पेय द्या, एकदम नको. मोजायला ते सोपं पडतं, मिली लक्षात राहत नाही.

एक ट्रिक देतो जी आमच्याकडे जाम चालली. जोर लाव म्हणायचं नाही, साबणाचे फुगे उडवायला द्यायचे पॉटीवर बसल्यावर. फुंकताना पोटाचे स्नायू आपोआप दाबले जातात आणि खालचं आवळायचं विसरतात. फुगे नसतील तर जत्रेतली पिपाणी, पण मग शेजाऱ्यांचा विचार करा :) बक्षीस द्यायचं तर बसल्याबद्दल, झाल्याबद्दल नाही. बसणं त्याच्या हातात आहे, होणं नाही.

चिमणघास

पिपाणी!! आमच्या सोसायटीत मीटिंग बोलावतील.

अबोली_अकोला

सगळ्यांचे खूप आभार, मधे गायब होते कारण धुण्यातच होते. डॉक्टरांकडे गेलो, पोट दाबून त्यांनी माझाच हात धरून दाखवलं, बेंबीच्या खाली डावीकडे चक्क गोळा लागतो हाताला. पातळ लागत होतं ते त्याचंच. पावडर दिली, सुरुवातीचे दिवस भयंकर, चादरी चड्ड्या बादल्याच बादल्या, सासूबाई सारख्या म्हणत होत्या बंद कर बंद कर, मग मी त्यांना माजघर आजींचं सगळं वाचून दाखवलं. सुनेचं नाही ऐकलं, आजींचं ऐकलं :) आता पाट त्यांनीच माळ्यावरून काढून दिलाय आणि मनुका पण त्याच भिजवतात.

रक्तात हिमोग्लोबिन ९.८ आलं, लोहाचं औषध सुरू झालंय, त्याने शी काळपट येते म्हणाले, घाबरू नका. दूध दोन वेळा, फुलपात्रातून. मध्यरात्रीचं बंद केलं त्या रात्री मी पण रडले. पाणी अजून कमीच आहे पण तोटीचा माठ आणलाय आणि दिवसभर फरशी ओली. रोज होतेय आता, मऊ, डायपरमध्येच पण बाथरूममध्ये. पडद्यामागे अजून जातो कधी कधी.

एक अडचण. मेच्या शेवटी पुण्याला लग्न आहे, रात्रीची ट्रेन, मग दोन दिवस कार्यालयात. सगळे म्हणतात प्रवासात ते औषध नको, ट्रेनमध्ये झाली तर काय करणार. दोन-तीन दिवस बंद ठेवलं तर चालेल का?

माजघर

अगं सासूबाईंना माझा नमस्कार सांग. बंद नको ठेवूस, लग्नाच्या गर्दीत, जागरणात, वेळीअवेळी जेवणात पोरं हमखास धरून ठेवतात, तेव्हाच तर लागेल. घडीची पॉटी मिळते, तिला आत प्लास्टिकची पिशवी लावायची, झाली की गाठ मारून टाकायची. तीच ट्रेनमध्ये, तीच कार्यालयात खोलीत. अनोळखी संडासात न्यायलाच नको त्याला.

बालरोगवाला

माजघर यांना दुजोरा. औषध चालू ठेवा, फक्त वेळ थोडी सरकवा, गाडी रात्रीची असेल तर त्या दिवशीचा डोस सकाळी नाश्त्याबरोबर द्या, तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून. पावडर तिथलं पाणी उकळून गार करून त्यातच कालवा, आणि सांगितलंय तेवढ्याच पाण्यात, कमी पाण्यात घट्ट कालवून नाही. कार्यालयात पंगतीनंतर खोलीत नेऊन पाच मिनिटं बसवा. श्रीखंड आणि मठ्ठ्यात मठ्ठा जास्त. महिन्याने परत वजन करून डोस बघून घ्या, आणि नर्सरीसाठी अजून महिनाभर आहे, डायपर काढायची तारीख शाळेच्या तारखेला बांधू नका. शाळेशी मात्र आत्ताच बोला, खडू_फळा यांनी सांगितलंय तसं.

अबोली_अकोला

हो, शाळेत जाऊन आले आज. कडी फार उंचावर आहे, खाली लावून देतो म्हणालेत.